'कालच आलोय'चं इंग्रजी 'आय हॅव कम यस्टरडे' का होत नाही? जस्ट, रीसंटली, लेटली आणि आपला 'मघाशी'

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी हिंगोली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवते. गेल्या आठवड्यात वर्गात एका ठिकाणी अडले, ती अडचण अजून सुटलेली नाही. म्हणून धागा काढतेय.

सातवीतला एक मुलगा आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला होता, तो परत आला. मी विचारलं, "कधी आलास रे?" तो म्हणाला, "कालच आलोय, मॅडम." म्हटलं, चला, याच वाक्याचं इंग्रजी करू. तीस पोरांपैकी बहुतेकांनी पाटीवर लिहिलं, 'आय हॅव कम यस्टरडे.' मी फुली मारली. तर तोच मुलगा उठून म्हणाला, "आलो म्हणजे केम, आलोय म्हणजे हॅव कम, असं तुम्हीच सांगितलंत. मी तर आलोयच म्हणालो. मग चुकलं कुठं?"

मी नियम सांगितला. प्रेझेंट परफेक्टबरोबर यस्टरडे येत नाही. त्यानं विचारलं, "का?" त्या 'का'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. डीएडला मलाही नियमच मिळाला होता. चार महिने शाळा बुडालेलं पोर इतका नेमका प्रश्न विचारतंय आणि मी त्याला 'असंच असतं' म्हणून खाली बसवलं, हे मनाला लागून राहिलंय.

त्यातून पुढचा गुंता. मार्गदर्शकात जस्ट, रीसंटली, लेटली हे एका ओळीत देऊन पुढं 'नुकतेच, अलीकडे' एवढंच लिहिलंय. आपल्याकडं आत्ताच, मघाशी, नुकताच, परवा, हल्ली, अलीकडं असे किती पदर आहेत! कोणता शब्द कुठं बसवायचा, हे ज्यांना उमगलंय त्यांनी कृपया सांगा. नियम पाठ आहेत. मला कारण हवंय.

मांजराथडी

ताई, मी मूळचा लातूरचा. सध्या पुण्यात आहे, आमच्या टीममधली निम्मी माणसं अमेरिकेत बसतात. 'का'चं उत्तर जाणकार देतील, 'जस्ट'पुरता माझा अनुभव सांगतो.

शाळेत माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की जस्ट आलं की हॅव आलंच पाहिजे. 'आय हॅव जस्ट ईटन.' नोकरीला लागल्यावर पहिल्या महिन्यात ऐकतो तर अमेरिकन सहकारी सर्रास 'आय जस्ट एट', 'आय जस्ट सेंट इट', 'डिड यू ईट यट?' असं बोलायचे. मला वाटलं, बोलताना घाईत होत असेल. नंतर कळलं की अमेरिकन इंग्रजीत ते पूर्ण शुद्ध आहे. ब्रिटिश वळणात हॅव जस्ट ईटन, हॅव यू ईटन यट. आपली पाठ्यपुस्तकं ब्रिटिश वळणाची, म्हणून मुलांना हॅवचं वळण लावा. पण कुणी पोरगं मोबाइलवर ऐकून 'आय जस्ट केम' लिहून आलं, तर त्याला फुली मारू नका.

एक मात्र नक्की, अमेरिकन असो की ब्रिटिश, 'हॅव कम यस्टरडे' दोघांच्याही कानाला खटकतं.

जुना फळा

अंबाजोगाईहून लिहितोय. इंग्रजी शिकवण्यातच नोकरी सरली, आता निवृत्त आहे. ताई, तुमच्या विद्यार्थ्याला माझा आशीर्वाद सांगा. त्यानं दुखऱ्या जागीच बोट ठेवलंय.

उत्तर असं की 'आलोय' आणि 'हॅव कम' हे सख्खे भाऊ दिसतात, पण एका घरातले नाहीत. मराठीत 'आलो आहे' म्हणताना आपण एवढंच सांगतो की मी आलो आणि त्याचा परिणाम समोर उभा आहे. कधी आलो ते त्याच वाक्यात सांगायला मराठीची हरकत नाही. 'कालच आलोय', 'सोमवारी आलोय', इतकंच काय, 'आमचं लग्न 1982 साली झालंय' हेसुद्धा शुद्ध आणि रोजचं मराठी आहे. मराठीत महत्त्व त्या 'आहे'ला.

इंग्रजीचा हॅवसुद्धा परिणाम सांगतो, पण त्याची एक अट असते. तुम्ही ज्या काळाचं नाव घेता, तो काळ अजून चालू हवा. दार उघडं हवं. टुडे, धिस वीक, धिस इयर यांची दारं उघडी आहेत, तिथं हॅव चालतो. यस्टरडेचं दार रात्री बारालाच लागलं. लास्ट वीकचं लागलं. इन 1982चं तर कधीच लागलं. लागलेल्या दाराचं नाव घेतलंत की इंग्रजी साधा भूतकाळ मागते. घटना किती जवळची आहे हा इथं प्रश्नच नाही. काल रात्री 11:50 ला आलेला माणूस सकाळी 7 ला सांगत असला, तरी 'आय केम लास्ट नाइट'च.

म्हणून मुलांना 'आलोय म्हणजे हॅव कम' हे समीकरण देऊ नये. मीही वर्षानुवर्षं तेच देत होतो आणि पेपर तपासताना तीच चूक लाल करत होतो. समीकरण माझं, चूक पोरांची! उत्तरार्धात मी पद्धत बदलली. आधी वाक्यातला वेळेचा शब्द शोधायला लावायचो, मग विचारायचो, 'हे दार उघडं की लागलेलं?' क्रियापदाकडं त्यानंतर वळायचं. किल्लारीचा भूकंप हे माझं नेहमीचं उदाहरण असे, कारण 30 सप्टेंबर 1993 ची ती पहाट आमच्याकडं घराघरात ठाऊक. 'द अर्थक्वेक स्ट्रक किल्लारी इन 1993' हे लागलेलं दार. 'मेनी व्हिलेजेस हॅव मूव्ह्ड टू न्यू साइट्स' इथं दाराचं नावच घेतलेलं नाही आणि गावं आजही नव्या जागी उभी आहेत, म्हणून हॅव. एकाच संकटातली दोन वाक्यं शेजारी लिहिली की मुलांना फरक दिसायचा.

विरामचिन्ह

सरांनी सुंदर मांडलंय. भाषाविज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून थोडी भर घालते.

त्या मुलाच्या प्रश्नाला अभ्यासकांत चक्क नाव आहे. जर्मन भाषाशास्त्रज्ञ वोल्फगांग क्लाइन यांनी 1992 मध्ये 'प्रेझेंट परफेक्टचं कोडं' याच विषयावर लेख लिहिला होता. इंग्रजीत परफेक्टबरोबर 'काल' किंवा 'सहा वाजता' का बसत नाही, हा त्यांचा सवाल. त्यांना तो पडावा हेही साहजिक, कारण जर्मनमध्ये 'मी त्याला काल पाहिलं आहे' अशाच रचनेचं वाक्य बिनदिक्कत चालतं. बोलीतल्या फ्रेंचमध्येही तसंच. म्हणजे आपली मराठी काही विचित्र वागत नाहीये, इथं वेगळी आहे ती इंग्रजी. हे मुलांना जरूर सांगा. आपल्या भाषेमुळे आपण चुकतो, अशी समजूत घेऊन पोरं मोठी होतात, ते मला फार सलतं.

'अगो' या शब्दात तर दार लागल्याची खूण कोरलेलीच आहे. जुन्या इंग्रजीतल्या 'निघून जाणे' अशा अर्थाच्या क्रियापदापासून तो आला. थ्री इयर्स अगो म्हणजे मुळात 'तीन वर्षं गेली'. गेलेल्या वर्षांबरोबर हॅव कसा येईल? आपणही म्हणतोच की, 'त्याला जाऊन तीन वर्षं झाली.'

याच जागी आपल्या मुलांची दुसरी नेहमीची चूक होते, 'बिफोर टू डेज'. मराठीत 'दोन दिवसांपूर्वी' हा एकच शब्दप्रयोग दोन्हीकडे चालतो. इंग्रजीत आत्तापासून मागं मोजलं तर टू डेज अगो. आणि दुसऱ्या एखाद्या गेलेल्या दिवसापासून मागं मोजलं तर टू डेज बिफोर किंवा टू डेज इयरलिअर. 'लग्न रविवारी झालं, पाहुणे दोन दिवस आधीच आले होते', इथं अगो चालणार नाही.

कापूसकोंडा

ताई, मी परभणीकडचा शेतकरी. बारावीपर्यंत शिकलो, पोरगी नववीला हाय, ती वाचून दाखवायलीय आणि मी लिहायलोय. मला एक इचारायचंय. आमच्याकडं 'मघाशी' आणि 'परवा' ह्या दोन शब्दांवर निम्मा दिवस चालतो. 'मघाशी सांगितलं ना तुला', 'मघाशी लाइट आली होती, गेली बी.' ह्याला इंग्रजीत काय? पोरगी जस्ट नाऊ म्हणती. पण मघाशी म्हणजे आत्ताच नव्हं, अन् सकाळी असंबी नव्हं. मधलंच काहीतरी. आणि परवा तर मागचाबी अन् पुढचाबी. त्याच्या पलीकडं तेरवा हायेच.

जुना फळा

दादा, तुमचा कान पक्का आहे. मघाशी म्हणजे आजच, याच उठबशीत, पण मध्ये थोडा वेळ गेलेला. इंग्रजीत त्याला एकच एक शब्द नाही. थोडाच वेळ झाला असेल तर 'अ लिटल व्हाइल अगो', दोनचार तास झाले असतील तर 'इयरलिअर' किंवा 'इयरलिअर टुडे'. 'आय टोल्ड यू इयरलिअर', हे तुमचं 'मघाशी सांगितलं ना'. काही झालं तरी साधा भूतकाळ, कारण 'मघा' हा क्षण सरलेला असतो. मुलीचं जस्ट नाऊ अगदीच परकं नाही, फक्त ते मिनिटा-दोन मिनिटांपूर्वीचं होतं. 'ही वॉज हिअर जस्ट नाऊ', इथंच होता की आत्ता!

परवाचे दोन अर्थ वेगळे काढा. नेमका कालच्या आदला दिवस असेल तर 'द डे बिफोर यस्टरडे'. पण 'परवा बाजारात तुझे मामा भेटले होते' म्हणताना आपण बोटं मोजत नाही, चारसहा दिवसांतला कुठलातरी दिवस. तो 'द अदर डे'. इथं मुलं हमखास फसतात. अदर म्हणजे दुसरा, म्हणून 'दुसऱ्या दिवशी' असं भाषांतर करतात. दुसऱ्या दिवशी म्हणजे 'द नेक्स्ट डे'. द अदर डे कायम मागंच बघतो.

दख्खनी

परवावरून राहवलं नाही. आम्ही नांदेडचे, घरी दख्खनी बोलतो. आमच्या 'परसों'चीही हीच गत आहे. 'परसों मिले थे' म्हणजे चार दिवस असतील, चार महिनेही असतील. हैदराबादकडं तर याहून ऐसपैस. द अदर डे मला शाळेत पहिल्या झटक्यात कळला तो यामुळेच.

आणि तुमचा तो 'च' आमच्याकडंही आलाय बरं का. 'अब्बीच आया' असं आम्ही म्हणतो, उत्तरेतला उर्दूवाला 'अभी-अभी आया' म्हणेल. दख्खनीनं हा च मराठीकडूनच घेतला, असं अभ्यासक सांगतात. माझे आजोबा निजामाच्या राजवटीत उर्दू माध्यमातून शिकले, इंग्रजी हा त्यांचा एक विषय होता. तेही बोलताना 'आय केम यस्टरडे ओन्ली' म्हणायचे. हा ओन्ली म्हणजे आपला च. कालच, यस्टरडे ओन्ली.

विरामचिन्ह

दख्खनीभाई, तुम्ही मूळ प्रश्नाची दुसरी बाजू उघडलीत! 'कालच आलोय'मधलं नुकतेपण क्रियापदात कमी आणि च मध्ये जास्त आहे. आपण सगळे 'आलोय'कडंच बघत बसलो होतो. इंग्रजीत तो च यस्टरडेच्या आधी येतो. 'आय केम ओन्ली यस्टरडे', किंवा बोलताना अधिक सहज, 'आय ओन्ली गॉट हिअर यस्टरडे'. जस्ट यस्टरडेही चालेल. ताई, तुमच्या मुलाच्या वाक्याचं हे पूर्ण इंग्रजी. नुसत्या 'आय केम यस्टरडे'मध्ये व्याकरण सांभाळलं जातं, पण त्याचा च हरवतो. आणि तो मुलगा च म्हणाला होता.

पूर्णाकाठ

वाचताना अंगावर काटा आला. फुली मारून मी त्याला जे वाक्य लिहायला लावलं होतं, त्यात त्याचा च नव्हताच. उद्या वर्गात सगळ्यात आधी हेच सांगणार.

आता रीसंटली आणि लेटलीचं सांगा. दोन्हींचा अर्थ अलीकडे, मग फरक काय?

जुना फळा

मराठीच्या कसोटीवर घासून बघा. जिथं 'नुकताच' बसतो तिथं रीसंटली, जिथं 'हल्ली' बसतो तिथं लेटली. 'त्यांनी नुकताच ट्रॅक्टर घेतला', एकदाच घडलेली गोष्ट. 'दे रीसंटली बॉट अ ट्रॅक्टर' म्हणा, 'दे हॅव रीसंटली बॉट' म्हणा, दोन्ही बरोबर. रीसंटली दाराच्या बाबतीत सैल आहे, उघड्यालाही चालतो, लागलेल्यालाही. लेटलीला मात्र लांबण हवी, काही दिवस चालत आलेली किंवा पुन्हापुन्हा घडणारी गोष्ट. 'हल्ली झोप येईना झालीय' म्हणजे 'आय हॅवन्ट बीन स्लीपिंग वेल लेटली'. 'दे बॉट अ ट्रॅक्टर लेटली' कानाला बरं लागत नाही.

लेट आणि लेटली यांचा घोळही आत्ताच निस्तरून टाका. 'ही केम लेटली' हे वाक्य मी हजारदा तपासलं असेल. मुलाला सांगायचं असतं, तो उशिरा आला. ते 'ही केम लेट'. लेटलीचा उशिराशी काही संबंध उरलेला नाही.

मांजराथडी

सर, हल्लीच्या कसोटीत एक फट राहते, लहान तोंडी मोठा घास समजू नका. 'हल्ली पाऊस उशिरा येतो' हे वाक्य घ्या. इथं लेटली नाही चालणार. हे 'नावअडेज' किंवा 'दीज डेज', आणि क्रियापद साध्या वर्तमानात, 'द रेन्स कम लेट दीज डेज'. म्हणजे हल्लीच्या दोन वाटा होतात. पुढं 'येतो, करतो' असेल तर दीज डेज. पुढं 'झालंय, चाललंय, करायलाय' असेल तर लेटली.

जुना फळा

बरोबर आहे तुमचं, लहानमोठं कसलं त्यात. माझी कसोटी अपुरी होती. ताई, ही दुरुस्ती धरूनच वापरा.

आणि मांजराथडींनी 'करायलाय' लिहिलं ते फार बरं केलं. आपल्याकडच्या पोरांना 'हॅज बीन डुइंग' शिकवताना 'तो करत आला आहे' हे पुस्तकी मराठी कशाला? 'पोरगी हल्ली लई मोबाइल बघायलीय', 'शी हॅज बीन वॉचिंग द फोन अ लॉट लेटली'. घरचं वाक्य घेतलं की इंग्रजी लवकर बसते. बोलीला वर्गाबाहेर ठेवून आपण शिक्षकांनीच स्वतःचं काम अवघड केलं.

कापूसकोंडा

पोरगी हसायलीय वाक्य वाचून. पण कळलं तिला. वहीत लिहून घेतलं.

रात्रपाळी

मी छत्रपती संभाजीनगरात परिचारिका आहे. आमच्या कामात हे शब्द व्याकरणापुरते राहत नाहीत, म्हणून लिहिते.

पाळी बदलताना आम्ही पेशंट पुढच्या सिस्टरच्या ताब्यात देतो. तोंडी सगळं मराठीत चालतं, कागदावर इंग्रजी. नवीन होते तेव्हा मी एकदा नोंदीत लिहिलं, 'इंजेक्शन गिव्हन जस्ट नाऊ.' पुढच्या सिस्टरनं तो कागद दीड तासानं वाचला. तिच्या दृष्टीनं जस्ट नाऊ म्हणजे वाचण्याआधी थोडा वेळ. तिनं फोन करून विचारलं म्हणून बरं, नाहीतर पुढच्या डोसची वेळ पुढं सरकली असती. त्या दिवसापासून माझ्या नोंदीत 'आत्ताच', 'मघाशी' यांच्या जागी घड्याळ असतं. 'गिव्हन ॲट 2:10 एएम.' जस्ट, रीसंटली हे शब्द बोलणाऱ्याच्या क्षणाला बांधलेले असतात. कागदावर तो क्षण उरत नाही.

अजूनचंही सांगते. 'रिपोर्ट अजून आला नाही' याची इंग्रजीत दोन रूपं होतात. 'द रिपोर्ट हॅज नॉट कम यट' ही नुसती माहिती. 'द रिपोर्ट स्टिल हॅजन्ट कम' म्हटलं की त्यात वाट बघून थकल्याचा, एव्हाना यायला हवा होता असा सूर येतो. डॉक्टरांना फोनवर सांगताना कोणतं वाक्य तोंडात येतं, यावर पुढच्याची घाई ठरते. स्टिल हा हॅजन्टच्या आधी, यट शेवटी. विद्यार्थिनींना मी हे पहिल्याच आठवड्यात सांगते.

मांजराथडी

सिस्टर, घड्याळाचं आमच्याकडंही तसंच. टीममध्ये एक दक्षिण आफ्रिकेचा सहकारी होता. तो 'आय विल डू इट जस्ट नाऊ' म्हणाला की मी वाट बघत बसायचो. त्यांच्याकडं जस्ट नाऊ म्हणजे थोड्या वेळानं. मला गावाकडचं 'आत्ता येतो' आठवायचं. आपला आत्ताही दोन्ही बाजूंना बघतो.

विरामचिन्ह

रीसंटली किती जुन्या गोष्टीला चालतो, असं कुणी विचारायच्या आत सांगते. त्याला माप नाही, विषय ठरवतो. शहराचं नाव 2023 मध्ये बदललं, त्याला अजूनही रीसंटली म्हणता येईल. चहा 2023 मध्ये प्यायला असेल तर नाही. भूगर्भशास्त्रात गेल्या सुमारे 11,700 वर्षांच्या कालखंडाला पूर्वी 'रीसंट' हेच नाव होतं, आणि आपल्या काळ्या मातीखालचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, त्यापुढं ते शोभतंही. शब्दाचं लॅटिन मूळ 'ताजं' या अर्थाचं आहे. ताजी बातमी आणि ताजी भाजी यांचा ताजेपणा आपणही वेगवेगळा मोजतोच.

पूर्णाकाठ

मंडळी, आज तास घेतला.

फळ्यावर दोन दारं काढली, एक उघडं, एक कडी लावलेलं. मुलांनी एकेक शब्द येऊन लावला. यस्टरडे, लास्ट मंडे, टू डेज अगो, द अदर डे कडीच्या दाराखाली गेले. टुडे, धिस वीक उघड्याखाली. रीसंटली कुठं लावायचा यावर भांडण झालं, मग एका मुलीनं तो दोन्ही दारांच्या मधल्या भिंतीवर लिहिला. मी तो तसाच ठेवला.

त्या मुलाला पुढं बोलावून सांगितलं की तुझ्या प्रश्नावर मोठ्या विद्वानानं लेख लिहिलाय, आणि परवा मी फुली मारली तेव्हा कारण मलाही ठाऊक नव्हतं. तो काही बोलला नाही. फळ्यावर 'आय ओन्ली गॉट हिअर यस्टरडे' लिहिलं, मग हळूच म्हणाला, "पण आता काल नाही, मॅडम. आता आठ दिवस झाले." आणि यस्टरडे पुसून 'लास्ट वीक' लिहिलं.

सुट्टी होता होता त्यानंच नवी शंका काढली. आमची सध्या उन्हाळ्याची सकाळची शाळा, अकराला सुटते. म्हणजे धिस मॉर्निंगचं दार शाळा सुटेपर्यंत उघडंच. मग शाळेत सकाळबद्दल बोलताना कायम हॅवच वापरायचा का? 'सहा वाजता चहा प्यायलो' याचंही हॅव? मी म्हटलं, विचारून सांगते.

जुना फळा

सकाळचं दार उघडं आहे, पण 'सहा वाजता' हे आतल्या खोलीचं दार, ते सहालाच लागलं. 'आय हॅड टी ॲट सिक्स.' वेळ न सांगता नुसतं 'आज सकाळपासून दोनदा चहा झालाय' म्हणाला, तर 'आय हॅव हॅड टी ट्वाइस धिस मॉर्निंग'. अकराची घंटा होऊन तो घरी गेला आणि दुपारी जेवताना आईला तेच सांगितलं, तर 'आय हॅड टी ट्वाइस धिस मॉर्निंग'. धिस मॉर्निंग तेच, हॅव गळाला. त्याला म्हणावं, घरी जाऊन आईला मराठीत सांगून बघ, तुझं 'झालाय' दुपारीही तसंच राहतं का ते. आणि काय म्हणतो ते इथं लिहा.